क्षमा करताना क्रम कुठे चुकतो: ख्रिस्ती घरांसाठी टप्प्याटप्प्याने

प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी मला हमखास फोन येतात. "ताई, उद्या प्रभूच्या मेजाजवळ जायचंय आणि जाऊबाईंशी चार महिने बोलणं नाही. आज संध्याकाळी मिटवून टाकू या का?" मग संध्याकाळी दोघींना समोरासमोर बसवलं जातं. कुणी वडीलधारं म्हणतं, "झालं गेलं विसरून जा." हात मिळवले जातात, प्रार्थना होते, चहा होतो. पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी बाप्तिस्म्याच्या जेवणात त्याच दोघी एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या दिसतात. आता जुन्या तक्रारीत एक नवी भर पडलेली असते: "मी माफ केलं होतं, तरी तिची वागणूक तीच."

सोलापुरात मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, बायकांबरोबर उठता-बसता मी हे फार वेळा पाहिलं आहे, आणि स्वतःही केलं आहे. आईला मातीत ठेवताना मी भावाला म्हणाले, "दादा, माफ केलं मी तुला." त्यानंतर सहा वर्षं मी त्याच्या घराची पायरी चढले नाही. म्हणून हा लेख. क्षमा करावी की नाही, हा प्रश्न इथे नाही. प्रभूची आज्ञा आहे, ती पाळायची आहे. कशी पाळायची, कोणत्या क्रमाने आणि पाय कुठे घसरतो, एवढंच इथे आहे.

## सुरुवातीला: तीन कामं वेगळी ओळखा

आपण "माफ केलं" या एका शब्दात तीन कामं कोंबतो.

क्षमा हे एकट्याचं काम आहे. समोरचा आला नाही, मानला नाही, अगदी जिवंत नसला तरी ते होऊ शकतं. समेट दोघांचा असतो. त्यात चूक करणाऱ्याने चूक कबूल करावी लागते. विश्वास ही तिसरी गोष्ट. ती कुणी मागून मिळत नाही आणि देईन म्हणून देताही येत नाही, वागणुकीतून हळूहळू परत येते.

उत्पत्तीच्या पुस्तकातला, भावांनीच विकलेला योसेफ हे नीट दाखवतो. भाऊ धान्यासाठी मिसरात आले तेव्हा त्याने लगेच ओळख दिली नाही. बन्यामिनाला आणायला लावलं, त्याच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवला, आणि ज्यांनी एका भावाला विकलं ते दुसऱ्याला सोडून पळतात का, हे पाहिलं. "मुलाच्या जागी मला गुलाम ठेवा," असं त्यांतला यहूदा म्हणाला, तेव्हा कुठे योसेफाचा बांध फुटला. त्यांचे वडील याकोब मिसरात १७ वर्षं जगले. ते गेल्यावर त्याच भावांना पुन्हा धास्ती वाटली, की आता योसेफ उट्टं काढणार. त्याने क्षमा केव्हाच केली होती, पण भावांच्या मनात विश्वास १७ वर्षांनीही मुरला नव्हता. तेव्हा तुमच्या घरात चार महिन्यांत सगळं पूर्ववत झालं नाही तर क्षमा खोटी होती, असं समजू नका.

थांबा. मारहाण, धमक्या, लैंगिक अत्याचार, दारू पिऊन अंगावर येणं असं काही चालू असेल, तर पुढचे टप्पे आत्ता तुमच्यासाठी नाहीत. आधी सुरक्षित जागी जा. पोलीस ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. घरातल्या हिंसेसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे आणि त्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळीतली व्यक्ती असली तरी, त्याने रडून माफी मागितली असली तरी. "ख्रिस्ती माणसाने पोलिसांत जाऊ नये" असं सांगणारा सल्ला ऐकू नका. दावीदाने त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाला दोनदा जिवंत सोडलं. "माझ्या मुला, परत ये," असं शौल म्हणाला, तरी दावीद परत गेला नाही. त्याने शौलाचा भाला परत केला आणि स्वतःच्या वाटेने निघून गेला. मनात सूड नाही आणि अंतरही राखलं आहे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहू शकतात.

## टप्पा १: तयारी

एक साधी वही, पेन, बायबल, आणि तीन निवांत बैठका, प्रत्येकी तासाभराच्या. एकाच बैठकीत सगळं उरकू नका. दोन बैठकांमध्ये निदान एक रात्र जाऊ द्या.

वेळ जपून निवडा. नळाला पाणी येणार असेल त्या दिवशी नको. घागरी-बादल्यांकडे अर्धा जीव असताना मन थाऱ्यावर येत नाही. एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी तर नकोच. पारा ४२-४३ वर गेलेला, पंखा गरम वारा फेकतोय, अशा वेळी सगळेच दोष मोठे दिसतात. पहाट किंवा दिवेलागणीनंतरची वेळ बरी.

या कामात एकाच माणसाला सोबत घ्या. तो तुमच्या भांडणाचा भाग नसावा आणि त्याच्या पोटात गोष्ट राहावी. पाळक असतील, फादर असतील, मंडळीतली एखादी म्हातारी आजी असेल. चार जणांना सांगितलं तर चार बाजू तयार होतात. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर तर प्रार्थनेची विनंती म्हणूनही घालू नका. "एका बहिणीने फार दुखावलं आहे, प्रार्थना करा," एवढं लिहिलं तरी ती बहीण कोण, हे दहा मिनिटांत सगळ्या पेठांना कळतं.

पहिल्या बैठकीत काही लिहू नका. स्तोत्र ५५ मोठ्याने वाचा. निंदा करणारा शत्रू असता तर सोसलं असतं, पण तू तर माझा जिवलग, आपण बरोबर देवाच्या घरी जात होतो, असं गाऱ्हाणं त्यात आहे. ज्यांना वाटतं की देवापुढे राग न्यायचा नसतो, त्यांनी ते दोनदा वाचावं.

## टप्पा २: ऋण मोजा

सगळ्यांत जास्त माणसं हा टप्पा गाळतात. त्यामुळे पुढचं सगळं पोकळ होतं, म्हणून इथे मी जरा रेंगाळणार आहे.

प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयाने जो शब्द घेतला आहे, तो हिशेबाचा आहे. लहानपणापासून आपण म्हणतो: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." ऋण सोडायचं तर ते किती आहे, हे आधी माहीत हवं. यंत्रमागावरच्या कामगाराने मालकाकडून उचल घेतली असेल आणि मालक म्हणाला, "जा, सोडली," तर पहिला प्रश्न हाच येतो की किती सोडली? आकडा न सांगता सोडलेली उचल पुढच्या दिवाळीला पुन्हा पगारातून कापली जाते. आपल्या घरांतही तसंच होतं. "जाऊ दे, सगळं माफ," असं म्हणतो आणि भांड्याला भांडं लागलं की दहा वर्षांपूर्वीची बाकी निघते.

वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने करा.

पहिल्यात: काय घडलं. एखाद्या परक्या माणसाने दारात उभं राहून पाहिलं असतं तर त्याला जे दिसलं असतं, तेवढंच. "ती पहिल्यापासून मत्सरी आहे," हे इथे बसत नाही. "साखरपुड्याला माझ्या मुलीच्या रंगावरून सगळ्यांसमोर बोलली," हे बसतं.

दुसऱ्यात: माझं काय गेलं. पैसा, झोप, अब्रू, वेळ, माहेरी जाणं, आईचा शेवटचा शब्द. जे गेलं त्याचं नाव लिहा.

तिसऱ्यात: मी त्याचा काय अर्थ लावला. "त्याच्या लेखी मला किंमत नाही," असं काही. हा अर्थ खरा असेलही, नसेलही. तो वेगळ्या रकान्यात राहू द्या. बोलण्याच्या वेळी ही वेगळी मांडणी उपयोगी पडेल.

माझ्या वहीतलं सांगते. आई चौदा महिने अंथरुणावर होती. दादा पुण्यातून तीनदा आला. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझा राग पैशांचा आहे, कारण औषधपाण्याचा खर्च मी केला आणि नातेवाइकांत नाव त्याचं झालं. रकाने भरायला घेतले तेव्हा पैशांची ओळ चौथी आली. पहिली ओळ अशी होती: एका रात्री आई त्याचं नाव घेत राहिली, मी फोन केला, आणि तो म्हणाला, "तू आहेस ना तिथे." माझं काय गेलं, या रकान्यात मी लिहिलं: मला त्या रात्री भाऊ हवा होता. हे लिहीपर्यंत मी क्षमा केली होती ती चौथ्या ओळीची. पहिली ओळ सहा वर्षं तशीच पडून होती.

या टप्प्यात तीन चुका वारंवार होतात.

एक, आकडा लहान करणं. "काही एवढं मोठं नव्हतं," असं म्हणणं म्हणजे नम्रता, असं आपल्याला शिकवलेलं असतं. मत्तय १८ मधला दाखला पाहा. त्या चाकराला दुसऱ्याने शंभर दिनार द्यायचे होते. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. शंभर दिवसांची मजुरी कुठल्याही कामगाराला विचारा, ती लहान रक्कम नाही, तीन महिन्यांची चूल आहे. तुमचं काही गेलंच नाही, असं प्रभू म्हणत नाही. तो शेजारी दुसरा आकडा ठेवतो: त्याच चाकराचं राजाला असलेलं देणं, दहा हजार तालांत. एका तालांताचे साधारण सहा हजार दिनार होतात. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. राजाने ती सोडली. शंभर खरे आहेत, पण ते सहा कोटींच्या शेजारी ठेवून बघायचे आहेत. शंभर मांडलेच नाहीत तर शेजारी ठेवणार काय?

दोन, आकडा फुगवणं. "नेहमी", "कधीच", "सगळ्यांनी" हे शब्द वहीत आले की खोडा. किती वेळा, कोणत्या वेळी, ते लिहा.

तीन, दुसऱ्याची ऋणं आपल्या वहीत चढवणं. नणंदेने सासूबाईंना काय म्हटलं, ते सासूबाईंचं आहे. ते सोडण्याचा हक्क तुमच्याकडे नाही.

काही जण पौलाचं वचन पुढे करतात, की प्रीती "अपकार स्मरत नाही", मग ही यादी कशाला? प्रश्न रास्त आहे. ही वही जपून ठेवण्यासाठी नाही, चौथ्या टप्प्यात तिचं काय करायचं ते येईल. न लिहिलेली यादी नसतेच, असंही नाही. ती मनात असते, आणि तिथे तिला व्याज लागतं.

तपासून पाहा. पहिला रकाना सोबतच्या माणसाला वाचून दाखवा. "म्हणजे नेमकं काय झालं?" असं त्याला एखाद्या ओळीवर विचारावं लागलं, तर ती ओळ अजून धूसर आहे.

## टप्पा ३: आपल्या बाजूचं पान

पान उलटा. मागच्या बाजूला: याच प्रकरणात माझ्याकडून काय गेलं. प्रभूने कुसळ आणि मुसळ सांगितलं ते इथेच. मी काय बोलले, कुणाकुणाला सांगत फिरले, कोणत्या निरोपाला उत्तर दिलं नाही.

इथे घाई करून सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका. भरल्या घरात धाकट्या सुनेला हे सहज जमतं, कारण तिला तेच वळण लावलेलं असतं. जेवढं केलं तेवढंच. आणि वर म्हटल्याप्रमाणे ज्यांच्यावर हिंसा किंवा अत्याचार झाला आहे, त्यांनी हा टप्पा सोडून द्यावा. त्यात तुमचं पान नाही.

जे निघेल त्याची कबुली आधी देवाजवळ. कॅथोलिक वाचकांनी पापनिवेदनाला जावं, मात्र तिथे आपली पापं सांगावीत, जाऊबाईंची नव्हे. हे मी टोचून बोलत नाही. मन दुखावलेलं असलं की आपण नकळत दुसऱ्याचीच पापं सांगायला लागतो.

## टप्पा ४: देवासमोर ऋण सोडणं

दुसरी किंवा तिसरी बैठक. दार लावून घ्या. मार्क ११:२५ वाचा: प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. समोरचा माणूस तिथे नाही, हे लक्षात घ्या. हे काम तुमचं आणि देवाचं आहे.

वहीतली एकेक ओळ मोठ्याने वाचा आणि प्रत्येक ओळीनंतर स्वतःच्या शब्दांत म्हणा: "प्रभू, हे झालं. यात माझं हे गेलं. याची वसुली मी करणार नाही. हे मी तुझ्या हाती देते." मनातल्या मनात म्हणू नका. कानांनी ऐकलेलं पुढे आठवतं.

वसुली म्हणजे काय, हे स्पष्ट असू द्या. टोमणे ही वसुली आहे. नातेवाइकांत गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं, मुलांना त्या घरी न पाठवणं, समोरच्याचं वाईट झालं की मनात "बरं झालं" म्हणणं, तीही वसुलीच. हे सगळं सोडायचं आहे. ग्रीक शुभवर्तमानात क्षमेसाठी "अफिएमी" हे क्रियापद येतं. त्याचा अर्थ सोडून देणं, जाऊ देणं. मनातून पुसून टाकणं असा नाही.

एखाद्या ओळीवर जीभ अडखळली तर जबरदस्ती करू नका. तिच्यापुढे खूण करा आणि म्हणा, "प्रभू, ही ओळ अजून मला सुटत नाही. मला सोडायची इच्छा दे." दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. माझी पहिली ओळ सुटायला अकरा दिवस लागले.

सगळ्या ओळी झाल्या की तिसरा रकाना तेवढा दुसऱ्या कागदावर उतरवून ठेवा, पुढे भेटायचं असेल तर लागेल. मूळ पान फाडा, जाळा, मातीत पुरा. फक्त ते घरात ठेवू नका.

थांबा. पैशांच्या उसनवारीची कागदपत्रं, पावत्या, दवाखान्याचे कागद, पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत यांतलं काहीही जाळायचं नाही. जाळायचं ते फक्त वहीचं पान.

## टप्पा ५: भेटायचं का, ते ठरवा

प्रत्येक क्षमेनंतर भेट हवीच असं नाही. रोमकरांस पत्र १२:१८ मध्ये पौल सांगतो की शक्य असेल तर, आपल्याकडून होईल तितकं, सर्वांबरोबर शांतीने राहा. "शक्य असेल तर" आणि "आपल्याकडून" या दोन्ही अटी त्याने मुद्दाम घातल्या आहेत.

भेटा, जर नातं चालू राहणार असेल, समोरच्याला आपण काय केलं हे कळणं गरजेचं असेल, आणि त्याच्यासमोर तुम्ही सुरक्षित असाल. भेटू नका, जर तो आजारी किंवा भ्रमिष्ट असेल, अजूनही धमकावत असेल, किंवा तुम्हाला भेटीत फक्त त्याचा पडलेला चेहरा बघायचा असेल. शेवटचं कारण स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा.

क्रम मत्तय १८:१५-१७ मध्ये दिलेला आहे. आधी दोघांनीच. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घेऊन. तरीही नाही, तर मंडळी. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा होतो. आधी सगळ्या मंडळीला कळतं, मग पाळकांना, आणि ज्याने चूक केली त्याला सगळ्यांत शेवटी.

## टप्पा ६: प्रत्यक्ष बोलणं

जागा दोघांपैकी कुणाच्याही घराची नसावी. घरात सासू दाराआड असते, टीव्ही चालू असतो, आणि यजमान चहाच्या मागे लागतो. चर्चच्या आवारातला बाक चालेल. विजापूर रोडवर संभाजी तलावाच्या काठाने, म्हणजे आपल्या जुन्या कंबर तलावाच्या, संध्याकाळी शेजारी-शेजारी चालत बोलता येतं. समोरासमोर बसण्यापेक्षा ते सोपं जातं, नजर चुकवायला जागा राहते. लग्नघर, मयत, नाताळची संध्याकाळ नको. पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसने रात्री उतरलेल्या भावाला त्याच रात्री धरू नका. त्याला झोपू द्या.

पहिलं वाक्य "मी तुला माफ केलंय" हे नसावं. ज्याला आपण चूक केली हे माहीतच नाही, त्याच्या कानाला ते आरोपासारखं लागतं, आणि तो लगेच आपली बाजू मांडायला लागतो. आधी आपल्या पानावरचं सांगा. माझं पहिलं वाक्य असं होतं:

"दादा, सहा वर्षं मी तुझे फोन उचलले नाहीत. मामांना मी तुझ्याबद्दल जे सांगितलं, तेही मला सांगायला नको होतं. त्यात माझं चुकलं."

मग एकच प्रसंग, पहिल्या रकान्यातल्या शब्दांत. त्यानंतर तिसऱ्या रकान्यातला अर्थ, पण प्रश्न म्हणून: "त्या रात्री मी फोन केला तेव्हा तू 'तू आहेस ना तिथे' म्हणालास. मला वाटलं, आईचं तुला काही नाही. तुझ्या मनात तेव्हा काय होतं?" आणि गप्प बसा. ही शांतता फार लांबल्यासारखी वाटते. ती मोडू नका.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला तिला तशी बघवत नव्हतं. मी घाबरलो होतो. तुला सगळं टाकून पळालो." मी लावलेला अर्थ निम्मा चुकीचा होता. पण "पळालो" हे त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलं, ते मला हवं होतं.

उत्तर नेहमी असं येत नाही. "तू फारच मनाला लावून घेतेस," असं येईल. "आता हे काढून काय उपयोग?" असं येईल. तेव्हा वाद घालू नका. म्हणा, "मला एवढं सांगायचं होतं. तुला पुढे कधी बोलावंसं वाटलं तर मी आहे." आणि उठा. क्षमा चौथ्या टप्प्यात झालेली आहे, ती त्याच्या उत्तरावर टांगलेली नाही. समेट मात्र झाला नाही, हे मान्य करा. झाला असं भासवू नका.

माफी तुम्हाला मागायची असेल, तर "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हे वाक्य टाळा. त्यात चूक ऐकणाऱ्याच्या वाटण्यावर ढकलली जाते. मी हे केलं, ते चूक होतं, त्याने तुझं हे नुकसान झालं, मी ते असं भरून देईन. एवढं पुरतं. शेवटी "पण" आला की आधीचं सगळं पुसलं जातं.

तपासून पाहा. भेटीनंतर घरी येताना स्वतःला विचारा: आज मी काय झालं हे सांगितलं, की माणूस कसा आहे हे सांगितलं? दुसरं झालं असेल तर फोन करून तेवढ्यापुरती माफी मागा.

## टप्पा ७: पैसा, घर आणि कागद

जक्कयाने प्रभूसमोर उभं राहून सांगितलं की ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत देतो. पौलाने फिलेमोनाला लिहिलं की तुझा दास अनेसिम याने काही देणं लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड. पवित्र शास्त्रात क्षमा आणि भरपाई एकमेकांच्या आड येत नाहीत. भिशीचे पैसे बुडवलेल्या बहिणीला तुम्ही क्षमा करू शकता आणि तिच्याकडून महिन्याला पाचशे रुपये परतही घेऊ शकता. रक्कम, तारीख आणि हप्ता मात्र लिहून ठेवा. पैसे सोडायचे असतील तर तेही स्पष्ट शब्दांत सोडा, आणि मग त्यांचा उल्लेख कधीच नाही.

माझी सगळ्यांत कळकळीची सूचना इथे आहे. समेटाच्या भावनेच्या भरात हक्कसोड पत्रावर सही करू नका. रडारड झाली, भाऊ गळ्यात पडला, आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेलं, असं मी पाहिलं आहे. ख्रिस्ती कुटुंबांना वारसासाठी भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. वाटा सोडायचा की नाही, हा तुमचा निर्णय. पण तो क्षमेचा पुरावा म्हणून कुणी मागत असेल, तर तो समेट नव्हे, सौदा आहे. निदान तीन महिने थांबा, स्वतःच्या वकिलाला दाखवा, मग ठरवा. नोंदणी झालेला कागद फिरवणं फार अवघड असतं.

विश्वासाचंही असंच, लहान हप्त्यांत. आधी फोन, मग एखादं जेवण, मग लहानसं काम सोपवणं. मुलांची जबाबदारी, सह्यांचे कोरे कागद, एटीएमचा पिन या गोष्टी विश्वासाच्या अगदी शेवटच्या पायरीवर ठेवा. दादा आता दर रविवारी उपासना सुटल्यावर फोन करतो. घराचा विषय आम्ही अजून काढलेला नाही. तो काढायला मला अजून वेळ लागेल, आणि हे मी त्याला सांगितलं आहे.

## टप्पा ८: पुन्हा आठवलं तर

आठवणारच. साधारण तिसऱ्या आठवड्यात, काहीच कारण नसताना, भाकरी थापताना किंवा बसमध्ये. "म्हणजे मी क्षमा केलीच नव्हती," असं तेव्हा मनात येतं, आणि इथे बरेच जण सगळं सोडून देतात. पेत्राने विचारलं, सात वेळा? प्रभू म्हणाला, साताच्या सत्तर वेळा. आपण ते नेहमी नव्या चुकांसाठी वाचतो. मला ते एकाच चुकीच्या परत येणाऱ्या आठवणीलाही लागू पडतं असं वाटतं.

आठवलं की नवीन यादी करू नका. चौथ्या टप्प्यातलं त्याच ओळीचं वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणा आणि हातातलं काम पुढे चालू ठेवा. आठवण जुन्या ओळीची नसून खरंच नवं काही घडलं असेल, तर मात्र दुसऱ्या टप्प्यापासून.

ज्याने दुखावलं तो गेला असेल, तर सहावा टप्पा उरत नाही. बाकीचे सगळे उरतात. वडिलांवरचा राग वीस वर्षं बाळगलेली आमच्या मंडळीतली एक बहीण दफनभूमीत त्यांच्या कबरीपाशी बसून तिन्ही रकाने वाचून आली. सोबत मी होते. ती वाचत असताना मी थोडी दूर उभी राहिले, कारण त्या ओळी मला ऐकवण्यासाठी नव्हत्या. परत येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "अर्धंच सुटलं, ताई. बाकीच्या ओळींसाठी पुढच्या शनिवारी याल?"